कुर्रर्र म्हणायच्या आधी

माजलगाव
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
बंकटचा सा. न. वि. वि.

फोन लावला की तू हं, बरं, ठेवते एवढंच म्हणतेस, म्हणून हे पत्र. दाजी गेल्यापासून तुझं बोलणं कमी झालं हे मला कळतं, पण ही बातमी नुसतं हं म्हणून उरकायची नाही. तुला भाची आलीय. नऊ वर्षांनी घरात पाळणा हलतोय. मी जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरायच्या दुकानात कमी आणि पाळण्याजवळ जास्त असतो. उसाला पाणी द्यायचे दिवस आणि लोकांच्या मोटारी माझ्याकडं उघड्या पडल्यात, त्यामुळं शिव्या भरपूर खातोय.

बारसं २३ फेब्रुवारीला, रविवारी धरलंय. सख्खी आत्या तू एकटीच. बाळाच्या कानात नाव तूच सांगायचं आणि तूच ठरवायचं. आम्हाला आधी सांगूही नकोस. दोन दिवस आधी ये.

कळावे. तुझ्या रागाची मला सवय आहे, अबोल्याची नाही, एवढं ध्यानात असू दे.

तुझा
बंकट

वडवणी
१९ जानेवारी २०२५

चि. बंकटास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. फार आनंद झाला. बाळासाठी दोन झबली शिवली आहेत, ओळखीच्या माणसाबरोबर पाठवते.

बारशाला येणं जमेलसं वाटत नाही. लग्नसराईचे ब्लाउज बरेच आले आहेत. नाव सांगायला काकांची करिष्मा आहे. तीही आत्याच, आणि तिचा आवाज गोड आहे. शिवकन्येला डिंकाचे लाडू वेळेवर दे. तू खाऊ नकोस.

कळावे. दुरून का होईना, माझा जीव तिकडंच आहे.

ताई

माजलगाव
२६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न.

झबली पोचली. एक आत्ता होतं, दुसरं पहिलीत जाईल तेव्हा होईल. एवढी चांगली शिवणारी बाई भाचीच्या मापात चुकते, म्हणजे मन ठिकाणावर नाही.

ब्लाउजांचं कारण मला सांगू नकोस. तू काहून येत नाहीस ते मला कळलं. दाजी गेले म्हणून शुभकार्यात आपण मागं उभं राहावं, असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. मी घरात सगळ्यांना बजावलं, की नाव सांगेल तर माझी ताईच सांगेल, ज्याला पटत नसेल त्यानं घुगऱ्या खायला येऊ नये. कुणी काही बोललंच नव्हतं, तरी बजावलं. पाकिटावर तुझ्या नावाआधी गं. भा. लिहिलेलं नाही, तेही बघ.

तू आली नाहीस तर पोरगी बिननावाची राहील. शाळेत बंकटची पोरगी म्हणूनच घालू.

कळावे. माया करतेस तर येऊन कर.

बंकट

वडवणी
४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शिवकन्या हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्यापुरतं ठेव. बंकट माझ्यासाठी सगळ्यांशी भांडतो आहे आणि कारण भलतंच धरून बसला आहे. म्हणून तुला खरं लिहिते. माझ्या तोंडाला वास येतो.

कधीपासून ते मला माहीत नाही, आपला वास आपल्याला कळत नाही. गळ्याचं माप घ्यायला जवळ गेले की बायका तोंड फिरवायच्या. हे गेल्यानंतर ते सुरू झालं, म्हणून मीही तेच समजले जे बंकट समजला. लग्नाच्या ब्लाउजला माझा हात नको असेल, असं धरून चालले. पुढं मुली मापाला जुना ब्लाउज पाठवू लागल्या. तोही गुमान घेतला. विचारलं कुणालाच नाही.

शेवटी शेजारच्या साखराबाईने सांगितलं. ती म्हणाली, की वनमाला, रागव न्हाईतर मार, पण तुझ्या तोंडाचा लई वास येतो बाई, आणि मी न्हाई सांगायचं तर कुणी सांगायचं. मी तिच्याकडं बघत राहिले आणि मला हसू फुटलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा. माझं डोकं फिरलं असं वाटून ती पाणी आणायला धावली. तिला काय सांगणार? विधवापण जात नाही. वास जाऊ शकतो.

मग लवंग झाली, वेलदोडा झाला. साखराबाई म्हणाली पोट साफ नसेल. तिचा काढा प्यायले. पोट नको तेवढं साफ झालं, वास होता तिथंच. तेव्हा बीडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, की लोक पोटाला दोष देतात, पण बहुतेक वेळा हा वास तोंडातलाच असतो. जिभेवर मागच्या बाजूला थर साचतो, हिरड्यांत अन्न कुजतं, एखादी दाढ किडलेली असते. कधी नाक-घसा किंवा साखरेचा आजारही कारण असतो, म्हणून त्यांनी रक्तही तपासायला लावलं. ते ठीक निघालं. मी मिश्री लावते हे ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. भाजलेल्या तंबाखूनं तोंड स्वच्छ होतं असं मी लहानपणापासून समजत आले. हिरड्या तिनंच खाल्ल्या होत्या.

दुसरं कारण कोरडं तोंड. लाळ तोंड धुते, आणि ती सुटायला खावं, प्यावं, बोलावं लागतं. त्यांनी विचारलं, की दिवसातून किती वेळा जेवता आणि कुणाकुणाशी बोलता. मी उपास सांगितले. दुसऱ्याला साखराबाईचं एकच नाव निघालं.

दाढ काढली, दात साफ करून घेतले, रोज जीभ घासते. मिश्री सोडली, ते सगळ्यात जड गेलं. दोन्ही वेळा जेवते. साखराबाई म्हणते वास गेला, पण ती आता माझं मन राखायला बोलत असेल. बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि तिनं तोंड फिरवलं, तर ते मला सोसायचं नाही. म्हणून येत नाही.

कळावे. राग धरू नकोस, एवढंच मागते.

तुझी
वन्सं

माजलगाव
१० फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना,
शिवकन्येचा सा. न. वि. वि.

पत्र कुणाला दाखवलं नाही. पाळणा हलवताना मोठ्यानं वाचलं आणि हे दारामागं उभे होते, त्याला माझा इलाज नाही. ह्यांचं तोंड बघायला पाहिजे होतं. साऱ्या भावकीला दम देऊन झालेला, आणि आता दम कशाचा दिला ते कुणाला सांगता येईना. मग गुपचूप बाहेर गेले आणि घरातल्या प्रत्येकाला जीभ घासायची पट्टी घेऊन आले. बाळालासुद्धा.

खरं सांगू? ह्यांच्या गुटख्याचा वास मी नऊ वर्षं सोसला. मला साखराबाई मिळाली नाही. तुमचं पत्र हातात होतं म्हणून त्या संध्याकाळी बोलायचं धाडस झालं. मी ह्यांच्या खिशातली पुडी काढून चुलीत घातली.

आणि बाळाचं म्हणाल, तर तिच्या स्वतःच्या तोंडाला दिवसभर आंबलेल्या दुधाचा वास असतो. तिला काही तुम्हाला नावं ठेवता येत नाहीत. तुम्ही मात्र तिचं नाव ठेवायला या.

कळावे. आमची वाट बघणं वाया घालवू नका.

शिवकन्या

वडवणी
२७ फेब्रुवारी २०२५

चि. बंकट व चि. सौ. शिवकन्या यांस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईशी वडवणी येईपर्यंत बोलत होते. उतरताना साखराबाई स्टँडवर दिसली, तर तिच्याशी उभ्याउभ्या तासभर. घसा बसला आहे.

तुमच्यासमोर सांगता आलं नाही ते लिहिते. पाळण्यावर वाकले तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. पण श्वास रोखून कुर्रर्र म्हणता येत नाही. सोडावा लागला. कानात आरोही म्हटलं आणि तिनं तोंड फिरवलं. माझ्याकडं. माझ्या गालाला तोंड लावून दूध शोधायला लागली. तेवढ्यात रीतीप्रमाणं मागून सगळ्या बायकांनी माझ्या पाठीत धपाधप धपके घातले. कुणाकुणाचे हात होते, मला कळलं नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई सोडल्या तर वर्षभरात मला कुणी हात लावला नव्हता.

नाव पहिल्याच वेळी नीट सांगून झालं होतं. तरी मी वाकलेलीच राहिले आणि पुन्हा कुर्रर्र म्हटलं, मग आणखी एकदा. तुम्हाला वाटलं, बाळाला ऐकू गेलं नाही.

कळावे. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
ताई