चोचीत धरलेली चांदणी

५ मार्च, गुरुवार
सेराताईंबरोबर सेंट्रल लंडनला. त्यांच्या मिस्टरांचं, सायमनभाऊंचं, नाणं दाखवायला. अमेरिकेचं, सोन्याचं, पाच डॉलरचं, १८०३चं. भाऊ जाऊन वर्ष व्हायला आलं. टायवाल्या डीलरने भिंगातून दोन मिनिटं बघितलं. 'फेक. मॉडर्न.' का? तर गरुडाच्या बाजूचा ठसा नाण्यांच्या पुस्तकात दिलेल्या कुठल्याच ठशाशी जुळत नाही. संपलं. 'युअर हजबंड वॉज हॅड, आय ॲम अफ्रेड.' म्हणजे भाऊ फसले.
ताईंनी नाणं रुमालात गुंडाळलं. ट्यूबमध्ये एजवेअरपर्यंत पर्स छातीशी धरून बसल्या.
डोकं माझं तापलं. पुस्तकात नाही म्हणून खोटं? हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्मभर स्लाइड्स बघितल्या. पुस्तकात नसलेल्या पेशी कितीदा दिसल्या. त्या खोट्या नव्हत्या, कुणाच्या तरी पोटात होत्या.

८ मार्च, रविवार
ताई नाणं घेऊन आल्या, सोबत भाऊंची वही. भाऊ वेम्बलीला कारखान्यात डायमेकर, म्हणजे पोलादात ठसे कोरणारा माणूस. कॅमडेनच्या बाजारात कफलिंक्सच्या डब्यात हे नाणं सापडलं तेव्हा घरात सगळे हसले होते. वहीत त्यांचं किरटं मराठी अक्षर: 'चांदणीचं टोक गरुडाच्या चोचीत. पुस्तकातल्या एकाही ठशात असं नाही. तेव्हा अक्षरं, चांदण्या हाताने एकेक ठोकायचे, म्हणून दोन ठसे सारखे नसत. हा वेगळा आहे.' 'वेगळा'खाली दोन रेघा.
'हे शेवटपर्यंत तेच सांगत होते,' ताई म्हणाल्या. 'मी म्हणायचे, आधी जेवायला या.'
नाणं ठेवून गेल्या. 'तू बघ, वसुधा. मला खरं काय ते सांग. बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.'

१२ मार्च, गुरु.
तीन दिवस मायक्रोस्कोपवर. मान गेली कामातून.
१) सोनं खरं. दोऱ्याने बांधून पाण्यात वजन केलं, बावीस कॅरेटच्या आसपास.
२) काठापासून गरुडाच्या पंखापर्यंत बारीक रेघ. डीलर म्हणाला ओरखडा. दिवा डावीकडून धरला तर सावली उजवीकडे, उजवीकडून धरला तर डावीकडे. म्हणजे रेघ वर आलेली आहे, खोल गेलेली नाही. ओरखडा असा उचलून येत नाही. ठशाला तडा गेला की त्यात सोनं शिरतं आणि अशी रेघ उमटते.
३) नाण्याची दुसरी, बाईच्या डोक्याची बाजू पुस्तकातल्या एका ठशाशी तंतोतंत जुळते. एका चांदणीच्या टोकाला बारीक काटा आहे, तोसुद्धा.
म्हणजे एक बाजू ओळखीची, दुसरी कुणी न पाहिलेली. नकली करणाऱ्याने दोन्ही ओळखीच्या केल्या असत्या ना?
तरी शंका आहेच. हुशार नकली असतात. ताईंना तेही सांगितलं. म्हणाल्या, 'चालेल. पण आता त्या नाणेवाल्यांना उत्तर द्यायला लाव.'

१५ मार्च, रवि.
ताईंकडे चहा. लेस्टरहून डॅनी, त्यांचा मुलगा, फोनवर. स्पीकर चालू होता.
'आई, तो नाणं सोडून दे ना. बाबा फसला. इट्स ओके.'
ताई: 'ते नाणं. आणि बाबा फसले नाहीत.'
व्याकरण आधी, मग बाकीचं! मी किचनमध्ये जाऊन हसले. परत आले तर ताईंचे डोळे भरलेले. 'आयुष्यभर पोलाद कोरलं यांनी. ठसा कळत नव्हता होय यांना?'

२६ मार्च, गुरु.
नाण्यांच्या क्लबची मीटिंग. चर्चच्या हॉलमध्ये वीसेक पुरुष, आम्ही दोघीच बायका. मला दहा मिनिटं दिली होती, चौदा घेतली. फोटो दाखवले, रेघ दाखवली, चांदणी दाखवली. वही वाचली, आधी मराठीत, मग इंग्लिशमध्ये. मराठीत वाचायची गरज नव्हती. मुद्दाम वाचली.
अध्यक्ष म्हणाले, 'व्हेरी स्पिरिटेड.' नाणं आमच्याकडे ठेवा, नीट तपासून घेऊ. वार्तापत्रात 'मालकांचा दावा' म्हणून चार ओळी छापू.
मी म्हटलं, दावा नाही, निरीक्षण. आणि सायमनभाऊंच्या नावाने छापा.
ताई उठल्या, टेबलावरून नाणं उचललं, पर्समध्ये टाकलं. 'नो, थँक यू.' एवढंच.
बाहेर पडताना एक म्हातारे गृहस्थ मागून आले. ते रेघेकडे बराच वेळ बघत होते. अमेरिकेतल्या एका तज्ज्ञाचा ईमेल लिहून दिला. 'ही'ज रूड, बट ही लुक्स.' उद्धट असेना, मला नीट बघणाराच माणूस हवा होता.

१६ एप्रिल, गुरु.
अमेरिकेहून त्या तज्ज्ञाचं उत्तर. दोनदा वाचलं, मग ताईंना वाचून दाखवलं. माझा तिसरा मुद्दा त्याला पटत नाही, ओळखीची बाजू खऱ्या नाण्यावरून साच्यात उतरवता येते म्हणतो. तडा मात्र मान्य. पुढे: 'हा गरुड मी कधीच पाहिलेला नाही. एक तर तुमचं नाणं फार चांगलं खोटं आहे, किंवा आमचं पुस्तक अपुरं आहे. फोटोवरून सांगणार नाही. नाणं हातात हवं.'
किंवा पुस्तक अपुरं! त्याने स्वतः लिहिलंय.
डॅनीचं म्हणणं, इन्शुअर करून कुरियरने पाठवा.
'कुरियरने?' ताई म्हणाल्या. 'यांना पाठवलं असतं का मी कुरियरने?' मग मला, 'तू येणार ना?'
ताईंचं वय त्र्याऐंशी. गुडघा एकच धड.

५ मे, मंगळवार
ताईंचा पासपोर्ट कधीच एक्स्पायर झालाय. आज फोटो काढायला गेलो, स्टेशनजवळच्या दुकानात. तज्ज्ञाने खोटं ठरवलं तर काय, हे मी वाटेत एकदा विचारलंच. 'तर त्याने मला समोर बसवून दाखवावं कसं ते. तो टायवाला दोन मिनिटांत उठला होता.'
फोटोवाला, 'नो स्माइलिंग, प्लीज.' चार फोटो वाया गेले. तोंड बंद ठेवलं तरी डोळे हसत होते. शेवटी तो वैतागून म्हणाला, 'आंटी, व्हॉट्स सो फनी?'
ताई पदर सारखा करत म्हणाल्या, 'आय ॲम गोइंग टू अमेरिका टु हॅव ॲन आर्ग्युमेंट.'