बदली डॉक्टरांस

मु. हा-त्सेकेलो,
१४ जून

प्रिय डॉक्टर तुमिसांग,

नमस्कार. तुमच्या आईंचा गुडघा आता कसा आहे? इकडे हिवाळ्यातल्या बर्फानं खिंडीतला रस्ता बंद होता, आज उघडला. वॉर्डात सगळं ठीक. मागच्या खेपेला ज्या मेंढपाळाच्या पायाला तुम्ही प्लास्टर घातलंत, तो घोड्यावर बसून हिंडतो. तेव्हा प्लास्टर भिजवलं म्हणून मी रागावले, तर “डॉक्टर तुमिसांग काही बोलले नसते,” असं मलाच ऐकवलं.

मेडिकल कौन्सिलचं पत्रक तुम्हालाही आलं असेल. परवाना टिकवायचे गुण आता फोनवर व्याख्यानं ऐकूनही मिळणार. प्रशिक्षणाला राजधानीत, मासेरूला, जायला नको, हॉटेलातलं ते गार चिकन नको, आणि मागे दवाखाना सांभाळायला कुणाला बोलवायलाही नको. चर्चच्या टेकडीवर रेंज येते, म्हणून काल दोन ब्लँकेटं पांघरून तिथे बसले आणि मधुमेहावरचं अख्खं व्याख्यान ऐकलं. चांगलं होतं. गुणही लगेच जमा झाले. उतरताना मात्र डोळे भरून येत होते. सिस्टर मापुलाने यांना मी सांगितलं, वारा लागला. त्यांना कुठलं पटायला.

सहा वर्षं आपण एकमेकांचे बदली डॉक्टर. मी प्रशिक्षणाला निघाले की तुम्ही इकडे, तुम्ही निघालात की मी तुमच्या दवाखान्यात. जी जीप तुम्हाला आणायची तीच सकाळी मला घेऊन जायची. मध्ये जेमतेम एक संध्याकाळ. खाटांवरून फिरत एकेक रुग्ण समजावून द्यायचा, औषधांवरून वाद घालायचा, मग मक्याच्या पिठाचा पापा आणि पालेभाजी खाऊन झोपायला आपापल्या खोलीत. देशातल्या बहुतेक डॉक्टरांबरोबर मी त्या हॉटेलात जेवले असेन. तुम्ही त्यांत कधीच नव्हता.

सिस्टर म्हणायच्या, “भांडता अगदी नवराबायकोसारखे, पण एक आला की दुसरा पळतो. कसला हो हा संसार?” आपण दोघंही हसायचो.

परत आले की माझ्या शेगडीचं निखळलेलं दार बसवलेलं असायचं, ज्वारीची आंबील आंबवून ठेवलेली असायची. एकदा तर पडदेही धुतलेले होते. मी कधी आभार मानले नाहीत. तुमच्या घरी मीही बटणं लावून ठेवत होते, तेव्हा फिट्टंफाट झाली असं धरून चालले.

मार्चमधलं आठवतं? जीप दारात उभी होती. तुम्ही म्हणालात, “आज जाऊ नका. एक दिवस दोघंही इथेच राहू.”

मी म्हणाले, “गुण कमी पडतायत हो.”

तुम्ही माझी पिशवी उचलून जीपमध्ये ठेवलीत.

गुण कमी पडत नव्हते, तुमिसांग. पुरून उरले असते. दोघं एका ठिकाणी आलो तर एका खोऱ्याला डॉक्टर उरणार नाही, असा मोठा विचार मी वाटेत स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मी भ्याले. वाटलं, पुढचं प्रशिक्षण आहेच की, तेव्हा पुन्हा विचारतील.

आज जीपवाले न्ताते मोखेले सांगत होते, तुम्ही सीमेपलीकडे ब्लूमफाँटेनला नोकरी घेतलीत, महिनाअखेर निघताय. मला कळवलं नाहीत, ते बरोबरच केलंत. पण ऐकल्यापासून कशात लक्ष लागत नाही. आता तुमच्या खोऱ्याला डॉक्टर नसेलच, आणि माझा तो मोठा विचारही फुकट गेला.

फोनवर आपल्याला रुग्णांखेरीज काही बोलता येत नाही, म्हणून लिहिलं. जीप उद्या खाली उतरेल, शनिवारी परत वर येईल. नोकरी सोडा असं म्हणायचा हक्क मी मार्चमध्येच गमावला, तो मागत नाही. कुणाच्या जागी यायचं नाही, कुठला दवाखाना सांभाळायचा नाही. इथे यायला तुम्हाला आता काहीच कारण उरलेलं नाही.

तरी या.

या खेपेला कुठेही न जाणारी,
न्थाबेलेंग