तांदळाच्या पिठातला मैदा

चि. विजयसिंह,

मरळ मासळी तळून झाकून ठेवली आहे, मुलांना गरम करून दे. तांदळाचं पीठ नवीन आणून थंड सोडा वॉटरमध्ये भिजवलं, म्हणून तुकडे छान कुरकुरीत झालेत. जुन्या डब्यातलं पीठ मी टाकून दिलं.

काल पावण्यांसमोर तू म्हणालास, "आबांचा गव्हाचा आजार पुस्तकं वाचून झालेला हाय की! आठवडाभर त्यांच्या पिठात मैदा मिसळतोय, काय झालं न्हाय." सगळे हसले, तेव्हा मीही हसलो.

झालं होतं रे. रोज रात्री पोट धरून बसत होतो. डॉक्टरांनी गहू बंद केलाय आणि आपण तर तो खातच नाही, मग हे मनाचेच खेळ असणार, असं वाटून कुणाला बोललो नाही. तू सकाळी विचारायचास, "आबा, बरं हाय न्हवं?" मला ती माया वाटायची.

नवं पीठ माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्याजवळ. राग मानू नकोस. मी वाचनालयात जातोय. जेवण झालं माझं. घरात कोणी नव्हतं, म्हणून निर्धास्त जेवलो.

आबा