यादीतलं एकेचाळिसावं नाव

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. तुझी धाकटी ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि मग बाकीचं.

दोन्ही वेळा जेवते. झोप तेवढी लागत नाही, पण ते खोलीतल्या कडक गादीमुळे.

काल सुनावणी झाली. कारखान्याच्या सांडपाण्यावरच्या माझ्या पोस्ट सरकारने बंद करायला लावल्या, त्या आदेशाविरुद्धची. सरकारी वकिलांनी पोस्ट छापून आणल्या होत्या, खालच्या कमेंटसकट. लोकांना कशी चिथावणी दिली जाते ते दाखवायला एकेक वाचू लागले. वाचता वाचता तुझी आली, "बाळे, जेवलीस का? सर्दीचं औषध घे."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं, "ही पण चिथावणी?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग बाहेर जिन्यात जाऊन बराच वेळ बसले.

किती वेळा सांगितलं, तिथे लिहिलेलं अख्ख्या गावाला दिसतं गं!

बाबांचा गुडघा कसा आहे? दाराशी कुणी चौकशीला आलं होतं का? आलंच तर दादाला बोलाव, एकटी बोलू नकोस.

आणि हो, तुझं खातं उघडत नाही म्हणून फोन दुरुस्तीला टाकू नकोस. फोन धडधाकट आहे. त्याच आदेशाने बंद केलेल्या खात्यांच्या यादीत एकेचाळिसावं नाव तुझं आहे. निकाल गुरुवारी.

औषध घेतलं, आई.

तुझी,
धाकटी