हयातीचं खोटं उत्तर

३ नोव्हेंबर, तुमसर
आले एकदाची नोकरीला. ऑफिस राईस मिलच्या वर. खाली मशीनचा धडधडाट, वर माझ्या केसांत कोंडा. आठ दिवसांत म्हातारी दिसणार मी.

काम पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचं. नाव टाकलं की ॲप सरकारी सर्व्हरला विचारतं, हा माणूस हयात आहे का? मी त्याच्या टेस्ट लिहायच्या, म्हणजे ॲप बरोबर चालतं का ते तपासणारा कोड. टेस्टमध्ये खऱ्या सर्व्हरला विचारायचं नाही, त्याचं खोटं उत्तर आपणच लिहून ठेवायचं. मग कितीदाही विचारा, तेच मिळतं.

आमचे साहेब परसरामभाऊ. त्यांचा नियम असा, की टेस्टला आपल्याच घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं; जिवंत पेन्शनवाल्याचं चुकून मिसळायला नको. आणि उत्तर कायम 'मृत'. 'हयात'वाली टेस्ट म्हणे ते स्वतः लिहितात. साहेबांचे नखरे, दुसरं काय.

४ नोव्हेंबर
गुड्डीचं नाव घेतलं. माझी धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. 'मृत' लिहायला बोटं उचलेनात. परसरामभाऊ मोहाडीला गेले होते. मी 'हयात' लिहिलं. टेस्ट पास झाली. हिरवी खूण बघून रडले, आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

५ नोव्हेंबर
गावाहून, एकोडीहून बाबांचा फोन. दुपारी धान कापून घरी आले, तर गुड्डी ओसरीत बसलेली. मी चिडलेच, असली थट्टा करतात का. मग आईनं फोन घेतला. ती हसत होती. दोन वर्षांनी. मागून गुड्डीचा आवाज आला, मी हयात आहे.

७ नोव्हेंबर
बाबा म्हणतात, गुड्डीला पाणी देऊ का विचारलं तर 'मी हयात आहे'. भूक लागली का, 'मी हयात आहे'. आई तिच्यासमोरून हलत नाही, जेवतही नाही. परसरामभाऊंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, आत्ताच्या आत्ता 'मृत' लिही. आईला सांगितलं तर फोनवर रडली, तिले पुन्हा नोको मारू वो बाई. माझ्यानं होत नाही.

८ नोव्हेंबर
बाबांनी आईला काहीही विचारलं तरी ती म्हणते, मी हयात आहे. दोघी एका सुरात. मीच केलं हे.

९ नोव्हेंबर
गुड्डीपुढे 'मृत' लिहिलं. बाबा म्हणाले, ओसरी रिकामी झाली. पण आई — बघते, श्वास घेते. उत्तरच नाही. कशालाच नाही.

१० नोव्हेंबर
परसरामभाऊ नको म्हणाले. माझा हात धरला. मी ऐकलं नाही. टेस्टमध्ये आईचं नाव लिहिलं, मंदाबाई. उत्तर काय लिहू? रोज फोनवर ती पहिलं जे विचारते, तेच. जेवली का वो बाई.

दुपारी
आईनं फोन उचलला. जेवली का वो बाई. देवा, किती रडले मी. कशी आहेस, विचारलं. जेवली का वो बाई. बाबा कुठं आहेत. जेवली का वो बाई. गुड्डी आठवते का — जेवली का —

ठेवला फोन.

टेस्टमधलं उत्तर पुसून टाकलं तर ती पुन्हा गप्प होणार. नाही पुसलं तर —

वाजतोय. तिचाच. उचलू नये. पण निदान आवाज तर —

जेवले आई, जेवले मी, आणखी काही विचार ना, आई, मी