इतिवृत्त कायम

सोमवार, ३

तर आईला सकाळपासून तेच सांगतेय, की ही नुसती टायपिंगची नोकरी नाहीये गं! नीतिमत्ता मंडळ म्हणजे सरकारी लोकांनी नियम मोडले की त्यांचा कान धरणारी माणसं. आणि त्यांच्या मीटिंगचं इतिवृत्त, म्हणजे मिनिट्स, मी लिहिणार. मी! मराठीत काठावर पास झालेली! आई म्हणाली, आधी ऱ्हस्व-दीर्घ सुधार, मग राज्य सुधार.

मंडळात तिघंच. अध्यक्ष जजसाहेब, सारखं पेन्सिलीला टोक काढतात. डॉक्टरबाई सारखं घड्याळ बघतात. आणि मास्तर, रिटायर्ड हेडमास्तर, एकदम गोड. माझं लिखाण बघून म्हणाले, पोरी, स्वल्पविराम मिठासारखे वापरायचे, तू पोती ओततेस.

मंगळवार, ४

पहिली मीटिंग! एक भारी नियम कळला. आपल्या माणसाची फाइल आली की सदस्याने उठून शेजारच्या छोट्या खोलीत बसायचं, निर्णय झाला की परत यायचं. आज मास्तरांच्या भाच्याची फाइल. मास्तर लगेच उठले. जाताना म्हणाले, भाचा माझा आहे, अक्कल त्याची स्वतःची. वीस मिनिटांनी आले आणि माझ्या पुड्यातलं शेवटचं बिस्किट खाऊन टाकलं. असली माणसं असतात अजून! मी लिहिलं, ‘मास्तर बाहेर गेले.’

मंगळवार, ११

मीटिंगच्या सुरुवातीला मागचे मिनिट्स वाचतात. कोणाची दुरुस्ती नसेल तर जजसाहेब म्हणतात, इतिवृत्त कायम. मला कायम म्हणजे नेहमीसाठी एवढंच माहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, इथे कायम म्हणजे कन्फर्म. मास्तर तर ऐकतही नव्हते. पोरीने लिहिलंय ना, मग बरोबरच असणार, म्हणाले.

कायम, असं मी खाली मान घालून लिहिलं. वर बघितलं तर मास्तरांची खुर्ची रिकामी. टॉयलेटला गेले असतील. पण मीटिंग संपली तरी आले नाहीत.

बुधवार, १२

मास्तरांच्या बायकोचा फोन. ह्यांची मीटिंग अजून चालूच आहे का, विचारत होत्या. मी म्हटलं, काकू, कालची मीटिंग चारलाच संपली. त्या म्हणाल्या, अगं कालची नाही, गेल्या मंगळवारची.

मी मिनिट्स काढले. ‘बाहेर गेले’ आहे. ‘परत आले’ कुठेच नाही. मीच विसरले.

गुरुवार, १३

डॉक्टरबाईंना विचारलं, मास्तर कुठेत. बाहेर बसलेत की, म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात.

छोटी खोली उघडली. कोणी नाही. पण खुर्ची गरम होती. आणि माझ्या कानाशी कोणीतरी खोकलं — मास्तरांसारखं.

शुक्रवार, १४

दोनच शब्द घालायचेत! पण नियम वाचला. एकदा कायम झालं की नुसतं खोडून चालत नाही. ज्याने चूक केली त्याच्यावर सुनावणी, मगच दुरुस्ती. काकूंचा परत फोन. जेवण झाकून ठेवू का, विचारलं. मी काय सांगू?

सोमवार, १७

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण सांगितलं जजसाहेबांना सगळं. रागावले नाहीत. उलट म्हणाले, इतकी प्रामाणिक मुलगी बघितली नाही. मग नवीन फाइल घेतली, वर माझं नाव लिहिलं.

मंगळवार, १८

माझी फाइल, म्हणून मी बाहेर. मिनिट्स जजसाहेब लिहितायत.

मास्तर इथेच आहेत! आता दिसतायत. भाच्याचं काय ठरलं, विचारतात. त्यांना वाटतंय दहाच मिनिटं झालीत —

आतून ऐकू आलं. दुरुस्ती मंजूर, मास्तर परत आले. ते उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. सुटले!

मला बोलवत नाहीयेत. खुर्च्या सरकवल्या. दिवे बंद —

मंगळवार. कितवा?

दार उघडतं. पण बाहेर परत हीच खोली.

आतमध्ये वाचतायत. ‘लेखनिक बाहेर गेल्या.’ पुढे काहीच नाही. मास्तर आहेत तिथे, त्यांनी मला बघितलंय, ते बोलतील —

जजसाहेब विचारतायत, कोणाची काही दुरुस्ती?

मी भिंत बडवतेय. मास्तर! मास्तर म्हणतायत, साहेबांनी लिहिलंय ना, मग बरोबरच असणार —

जो कोणी हे वाचेल त्याने खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं, मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं का, की