देविकाला डोंगरात पाठवण्याबाबत

मी, हेमांगी पद्माकर दातार, वय सत्तेचाळीस, धंदा वर्तमानपत्रात लोकांना टोचून लिहिणे, राहणार नोएडा, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. दबाव कोणाचाही नाही. भीती मात्र भरपूर आहे. परवा माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, "बिल्कुल रूटीन, मॅडम." आमच्या सेक्टरात वीज जाणंही रूटीनच आहे.

१. फ्लॅट आणि बँकेत असेल ते माझी एकुलती एक मुलगी देविका, वय अकरा, हिचं.

२. टाइपरायटर माझा मोठा भाऊ साकेत याला. त्याच्या गुरगावच्या स्विमिंग पूलवर मी सहा लेख लिहिले. त्याने एकही वाचला नाही, याचा राग अजून आहे.

३. देविकाचे वडील हयात नाहीत. माझ्यामागे तिचं पालकत्व साकेतकडे न जाता माझी धाकटी बहीण अरुणा हिच्याकडे जावं. अरुणा नॉर्वेत, डोंगरातल्या एका नगरपालिकेत राहते. त्यात नगर कुठेच नाही. मुलूख दिल्लीएवढा आणि माणसं आमच्या सोसायटीच्या एका टॉवरात मावतील इतकी. तिचा नवरा निल्स सामी आहे. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांत रेनडिअर पाळत आलेत.

दादा म्हणाला, "हेमा, पोरगी तिथे बर्फात काय करणार, यार? इथे क्लब आहे, पूल आहे." दादा, मलाही तीच धास्ती आहे. हिवाळ्यात तिथे दुपारी दोनला दिवे लावतात. शाळेत सगळी मिळून चौदा मुलं. मराठी बोलायला एकटी अरुणा, आणि तीही आता नॉर्वेजियनमध्ये रागावते. रात्र रात्र मी याच विचाराने घामेजते.

पण पाच वर्षांपूर्वी आम्ही मायलेकी तिथे गेलो होतो. पहिल्याच जेवणात मी निल्सच्या आईला विचारलं, "तुमचे रेनडिअर किती?" सगळ्यांचे चमचे थांबले. अरुणा फिस्कारली, "ताई, हे विचारत नाहीत गं! पगार विचारल्यासारखं होतं."

"आपण तर पगारच आधी विचारतो."

अरुणाच्या सासूबाईंनी याचं भाषांतर करायला लावलं, पोटभर हसल्या आणि माझ्या कॉफीत चीजचा तुकडा टाकला. ही माफी असते, असं अरुणा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी देविका कळपामागे गेली आणि धुकं उतरलं. मी तिच्या नावाने ओरडत सुटले. अर्ध्या तासात उतारावर सोळा माणसं होती, आणि सगळी "देविका! देविका!" अशा हाका मारत होती. त्यांतल्या तिघांनाच मी ओळखत होते. एका खडकाआड ती सापडली.

गेल्या महिन्यात तीच मुलगी आमच्या लिफ्टमध्ये पाऊण तास अडकली. बाहेर जमलेले विचारत होते, "कौन से फ्लैट की है?"

म्हणून अरुणा. अट एवढीच की तिने देविकाशी मराठीत बोलावं, रागावतानासुद्धा.

४. परवा मी शुद्धीवर आले, तर हा कागद माझ्यादेखत फाडावा.

५. खालील दोघांनी सही करून लगेच निघू नये. देविका आतल्या खोलीत आहे. तिला यातलं काहीही अजून सांगितलेलं नाही. मी आता सांगणार आहे. तोवर तुम्ही दोघं बसा.

सही: हेमांगी प. दातार

आमच्यासमोर सही झाली. आम्ही बसलो आहोत:
१. भालचंद्र गुर्जर, सरोजिनी नगर
२. लतिका सामंत, नोएडा

स्थळ: नोएडा
दिनांक: २ फेब्रुवारी २००४